उकिरड्यावरचे खडे

सांगा बरं, एकदा उकिरड्यावर टाकलेली वस्तू तुम्ही परत घरात घ्याल का?

रंगाऱ्यांच्या एका गावात कुणीच घेत नसे. टाकलेलं पुन्हा उंबरठ्याच्या आत आलं की लक्ष्मी रुसते, असं तिथे मानत. गावचे रंग दूरवर नावाजलेले होते. पण रंगाचं उरलेलं पाणी सगळे ओढ्यात सोडत आणि तेच पीत. ओढा कधी निळा, कधी तांबडा. पोरं पोट धरून बसत.

गावाचा केरकचरा एक विधवा बाई काढायची. तिची एकुलती मुलगी त्या पाण्यानं सुकत चालली होती. बाईनं नाना खटपटी केल्या. शेवटी भुईमुगाची टरफलं आणि लोहाराच्या भट्टीतला गंजका चुरा मातीत कालवून तिनं परसात भट्टी रचली आणि बंद मडक्यात भाजला. त्याचे काळे खडे झाले. ते रंगीत पाण्यात टाकून माठ उन्हात ठेवला, तर संध्याकाळी पाणी नितळ! खडे मात्र होते तसेच. धुवावेत आणि पुन्हा वापरावेत.

मुलगी उठून खेळू लागली. बाईनं घरोघरी मूठमूठ खडे वाटले.

लोहार म्हणाला, "ताई, कुणी विचारलं तर तीर्थाहून आणले म्हण. या गावाला खरं पचत नाही."

"पाणी पचतंय ना? मग खरंही पचेल," ती हसून म्हणाली.

एके दिवशी पाटलांनी चारचौघांत विचारलंच, "काय गं, हे खडे कुठले?"

"आपल्याच उकिरड्यावरचे, पाटील. टरफलं आणि गंज."

"शिव शिव! सहा महिने आम्हाला केर पाजलास?"

"पण पाटील, तुमच्या नातवाचं पोट..."

कुणी ऐकलं नाही. घराघरांतले खडे उकिरड्यावर गेले. बाईच्या घरातलेही गेले. तिची भट्टी मोडली आणि लोहाराला ताकीद मिळाली की हिला चिमूटभर गंज द्यायचा नाही. पारावर बसलेला एक फिरस्ता हे सारं बघत होता. सगळे पांगल्यावर त्यानं उकिरड्यावरचा एकूण एक खडा आपल्या झोळीत भरून घेतला.

महिन्याभरात पोरं पुन्हा पोट धरून बसली. तेव्हा फिरस्ता परत आला. आता खडे रेशमी पुरचुंड्यांत होते.

"सात पर्वतांपलीकडचे आहेत. एका पुरचुंडीला एक चांदीचा दागिना."

बायकांनी पायांतली जोडवी काढून दिली. पाटलांनी पुरचुंडी कपाळाला लावली.

"अहो, हे माझेच खडे आहेत!" बाई म्हणाली.

"तुझे काळे होते," पाटील म्हणाले. "हे श्यामवर्णी आहेत."

तिनं मुलीसाठी एक खडा मागितला. फिरस्त्यानं तिच्या मोकळ्या पायांकडे पाहिलं आणि झोळी आवळली.

तात्पर्य एवढंच, की ज्या गावाला गुणापेक्षा गुणाचं घराणं मोठं वाटतं, ते गाव स्वतःचंच धन फेकून देतं आणि परक्याच्या हातून विकत घेतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव नितळ पाणी प्यालं आणि बाईची मुलगी ओढ्याचं निळं पाणी प्याली.