न बुडणारी वाटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि उगाच एखादं ठोकून द्यायला मन घेत नाही. राज्य होतं, राजा होता, डोंगर होता आणि डोंगरातून उतरणारा एक ओढा होता. ओढ्याला बांध घालून लोकांनी पाट काढला होता. पाटाच्या तोंडाशी वरचं गाव होतं आणि शेवटाला खालचं गाव.

दोन गावांच्या मध्ये एका टेकाडावर ठेवघर होतं. जी वस्तू एकाच्या घरात राहिली तर भाऊबंदकी होईल, नाहीतर नातवंडं खेळून मोडतील, ती लोक तिथं आणून देत. देण्याची रीत मोठी देखणी होती. देणाऱ्यानं भर उजेडात ठेवघराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं, दोन्ही गावांसमोर वस्तू उंच धरायची आणि ती कुणाची, कशाची, कशासाठी ठेवतो आहे, हे मोठ्यानं सांगायचं. मग ठेवघर सांभाळणाऱ्या ठेवकऱ्यानं ती दोन्ही हातांनी घेऊन म्हणायचं, "आता ही सगळ्यांची."

वस्तू आत कशी यावी याची रीत होती, बाहेर कशी जावी याची मात्र नव्हती. ती घालून ठेवावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्या गोष्टीतला ठेवकरी वरच्या गावचा होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही आत्तापासूनच त्याच्यावर डोळे वटाराल. रोज झाडलोट करायचा, प्रत्येक वस्तू पुसायचा. फक्त वस्तूंच्या गोष्टी तो कुणाला विचारायचा नाही. आपल्या जन्माआधी उंबऱ्यावर कोण काय बोललं, हे त्याला ऐकून तरी माहीत असायला हवं होतं.

एका पावसाळ्यात ठेवघराचं छप्पर गळू लागलं. ठेवकऱ्यानं कसर लागलेली घोंगडी आणि दोन दुभंगलेली जाती मागच्या दारानं बाजारात नेऊन विकली आणि छप्पर शाकारून घेतलं. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट लोक म्हणाले, "छप्पर झ्याक झालं!" त्यानं कसं केलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

खरी गोम इथंच होती. एकदा मागचं दार उघडलं, की ते पुन्हा उघडायला हात कचरत नाही.

पुढं एक दिवस निरोप आला, की सुगीआधी महाराज स्वतः ठेवघर पाहायला येणार आहेत. ठेवकऱ्याचे पाय जमिनीवर ठरेनात. महाराज येणार आणि दाराशी साध्या पणत्या? चांगल्या उंच पितळी समया हव्यात, त्याही जोडीनं! तो आत फिरून काय काढता येईल ते पाहू लागला. कोनाड्यात त्याला तांब्याची एक वाटी दिसली. तिच्यावर ना वेल ना पान, आणि तळाला तर चक्क भोक होतं.

"फुटकी वाटी महाराजांना काय दाखवायची?" तो स्वतःशीच हसला आणि असल्याच चार-दोन वस्तूंबरोबर ती घेऊन मागच्या दारानं बाजारात गेला. येताना त्यानं समया आणल्या.

त्या वर्षी पावसानं डोळे वटारले. ओढा बारीक झाला आणि पाटाला पाणी जेमतेम उरलं.

पाणी वाटून घेण्याचा तिथला नेम जुना होता. सूर्य उगवला की घंगाळातल्या पाण्यावर तळाला भोक असलेली एक वाटी सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत शिरतं आणि वाटी भरून बुडते. ती रिकामी करून पुन्हा सोडायची; अशी ती ठरावीक वेळा बुडेपर्यंत पाणी वरच्या गावाचं, आणि मग अंधार पडेपर्यंत खालच्या गावाचं. दोन्ही गावांकडे आपापली वाटी होती. भरपूर पाण्याच्या वर्षांत त्यांच्याकडे कुणी फारसं पाहत नसे.

आता मात्र सगळ्यांचे डोळे घंगाळावर खिळले, आणि दोन वाट्यांचं जमेना. खालच्या गावची वाटी म्हणे, वरच्यांची पाळी संपली. वरच्या गावची वाटी म्हणे, अजून बराच वेळ आहे.

खोटं कुणीच बोलत नव्हतं, हेच तर दुःख. वरच्या गावानं आपली वाटी कधी घासलीच नव्हती, तिच्या भोकाशी क्षार चढला होता आणि ती सावकाश बुडे. खालच्या गावच्या बायका स्वच्छतेच्या भारी! त्यांनी वर्षानुवर्षं चिंच लावून, राख लावून वाटी इतकी घासली, की भोक मोठं झालं आणि ती झटकन बुडे.

"तुम्ही पाणी चोरताय!" खालचे ओरडले.

"चोर तुमी! आमची पाळी सरायच्या आत आमच्या पान्याचं दार लावताय," वरच्या गावचा पाटील गरजला.

खालच्या गावात जोंधळा पोटरीत आला होता, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती. आता पाणी मिळालं नाही तर नुसती वैरण हाती येणार होती आणि वर्षभर पोरंबाळं काय खाणार, हा प्रश्न होता. हातात काठ्या आल्या. तेव्हा खालच्या गावची सर्वांत म्हातारी बाई दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"आरं, डोस्की फोडून पानी वाढतंय व्हय? माज्या आज्यानं मूळ वाटी ठेवघरात दिलीया. या दोनी वाट्या तिच्यावरनंच केल्याल्या. तवाच त्यो उंबऱ्यावर म्हनला व्हता, तुमच्या वाट्या भांडाय लागल्या की हिला इचारा. चला, तिला इचारू!"

सगळी माणसं टेकाडावर आली. म्हातारीनं वाटीचं नाव काढलं आणि ठेवकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ती... ती फुटकी वाटी?" तो म्हणाला. "ती मी विकली."

खालच्या गावच्या घोळक्यातून आवाज आला, "ह्यो वरच्या गावचा! मुद्दाम गायब केली यानं!"

"शपथ घेतो, मला माहीत नव्हतं! समयांसाठी विकली!"

"कुनाला सांगून इकली? कुनी बघितली?"

ठेवकऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. मागच्या दारानं गेलेल्या माणसाला साक्षीदार कुठून मिळणार? तो खरं बोलत होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला एकही कारण त्यानं मागं ठेवलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावचे लोकही खाली पाहू लागले. माझ्या मते त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तो तसाच अनवाणी बाजाराकडे धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी महाराजांची स्वारी टेकाडावर आली. दाराशी स्वारीपुढं आलेल्या हुजऱ्यांनी पेटवलेल्या दोन पितळी समया उन्हात तेवत होत्या आणि स्वागताला कुणी नव्हतं. दोन्ही गावं अंगणात समोरासमोर काठ्या घेऊन बसली होती. महाराज काय ते समजून घेत होते, तोच ठेवकरी धापा टाकत आला. त्याच्या मागून बाजारातला तांबट होता. ठेवकऱ्याच्या हातात वाटी होती.

लोकांच्या जिवात जीव आला. म्हातारीनं घंगाळ मागवलं आणि वाटी पाण्यावर सोडली.

सगळे वाकून पाहत राहिले. वाटी तरंगत राहिली. तिच्यात पाण्याचा एक थेंबही शिरला नाही.

तांबट पुढं आला. "म्हाराज, भांडं तांब्याचं, वजनदार. तळाला भोक दिसलं म्हनून मी त्याच्या कडा कानशीनं घासल्या, डाख देऊन बुजवलं, वरनं कल्हई केली आन् एका बाईला इकलं. ती हिच्यात दही लावत व्हती."

"मग भोक पुन्हा पाड!" महाराज म्हणाले.

"पाडतो की, म्हनाल तेवढी पाडतो. पर तेच कसं पाडू? केवढं व्हतं ते म्या कुटं बघितलं? मला ती मोडतोड वाटली."

"मलाही," ठेवकरी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

महाराज संतापले. "आजपासून या ठेवघरातली काडीसुद्धा बाहेर जाता कामा नये! मागचं दार चिणून टाका!"

"दार चिना, म्हाराज," म्हातारी म्हणाली, "पर काडीबी जाऊ नगं असं म्हनू नगा. उद्या कसर लागल्याली घोंगडी निघाली न्हाई, तर तिची कसर चांगल्याला लागंल. कवाकवा द्यावंबी लागतंय, इकावंबी लागतंय. मानूसबी घर सोडतोच की."

"मग नेम काय करावा, आजी?"

"जसं आलं तसंच जावं. म्होरल्या दारानं, उजेडात. ठेवकऱ्यानं उंबऱ्यावर ती वस्तू धरावी आन् म्हनावं, ही मी काढतोय, अशापायी काढतोय. ज्यानं दिली त्याच्या घरच्यांनी ऐकावं, दोनी गावांनी ऐकावं. एक सुगी थांबावं, कुनाला काय आठवतंय का बघावं. दुसऱ्या गावच्या ठेवघराला पायजे असंल तर आदी त्यास्नी द्यावी, बाजार मागनं. आन् इकून जे येईल ते ऱ्हायलेल्या वस्तूंच्या राखनीला लावावं. समयांना न्हाई!"

महाराजांनी समयांकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं त्या विझवल्या. "या माझ्यासाठीच आणल्या होत्या," ते हळूच म्हणाले. म्हातारीचा नेम त्यांनी त्याच उंबऱ्यावर राज्यभरासाठी जाहीर केला.

ठेवकऱ्याला काढून टाका, असं पुष्कळांनी म्हटलं. म्हातारीनंच नको म्हटलं. "दुधानं त्वांड पोळलंय त्येचं, आता ताकबी फुंकून पिईल," ती म्हणाली. झालंही तसंच. पुढं जन्मभर कुणी वस्तू घेऊन आलं की तो आधी तिची गोष्ट तीनतीनदा सांगायला लावी, इतकी की माणसं वैतागत.

आता पाण्याचं काय झालं, ते राहिलंच. दोन्ही गावांनी बसून दोन वाट्यांच्या मधली एक नवी वाटी तांबटाकडून करून घेतली आणि दोघांनी तीच मानायची असं ठरलं. पण भांडणात दिवस गेले होते. खालच्या गावचा निम्मा जोंधळा पोटरीतच वाळला आणि दोन गावांमध्ये ठरलेलं एक लग्न मोडलं ते मोडलंच. नव्या वाटीनं वरच्या गावाला वाटे आपलं पाणी थोडं गेलं, खालच्या गावालाही वाटे आपलंच थोडं गेलं. खरं काय, ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

जुनी वाटी मात्र ठेवघरात परत आली. तिला कोनाड्यात ठेवलं नाही. उंबऱ्याशी पाण्यानं भरलेलं एक घंगाळ मांडलं आणि तिला त्यात सोडलं. एखादी वस्तू काढायची वेळ आली, की ठेवकरी ती वस्तू हातात घेऊन आधी त्या घंगाळापाशी उभा राही. वाटी तरंगताना पाहत राही आणि मग दोन्ही गावांना हाक मारी.

तात्पर्य: सगळ्यांच्या विश्वासावर सांभाळलेली वस्तू काढायचीच झाली, तर सगळ्यांना विचारून, उजेडात काढावी, कारण वस्तू परत आणता येते, तिच्यातलं सत्य परत आणता येत नाही.