न उघडलेला फोटो

"...आणि एवढ्या ढिगातला एक फोटो नाही उघडला, तर कुणाला कळणार आहे चाचा?"

दस्तगीरचाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. उत्तर दिलं नाही.

सुयोग चौगुलेला ते चालायचं. उत्तर आलं नाही की आपलंच खरं, असं तो धरून चालायचा.

मिरजेत दर्ग्याच्या मागच्या गल्लीत चाचांचं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान. पुढं काउंटरवर मी पासपोर्ट फोटो काढतो, मधे कापडी पडदा, पलीकडं त्यांचा कॉम्प्युटर. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ तिथंच जोडले जातात. माणूस गेलं की त्याच्या फोटोंचा व्हिडिओही तिथंच होतो. पडद्याआडचं सगळं मला ऐकू येतं, कारण कापड ते कापडच.

चाचांची एक रीत होती. प्रत्येक फोटो एकेकटा उघडायचा. तो स्क्रीनवर पुरता उमटेपर्यंत थांबायचं. त्यातल्या माणसाकडं बघायचं. मग त्याला व्हिडिओत जागा द्यायची.

पुण्याहून कोर्स करून चाचांच्या हाताखाली आलेल्या सुयोगला हा नुसता वेळकाढूपणा वाटायचा. अख्खा ढीग एकदम आत ओढायचा आणि काम उरकायचं, हा त्याचा खाक्या. हात चलाख होता पोराचा, ते नाकारून चालणार नाही. पण हात चलाख झाला की जीभही चलाख होते, आणि माझं डोकं तिथंच फिरायचं.

हे त्याचं पहिलं स्वतंत्र काम. गिऱ्हाईक म्हणजे बाळगोंडा खोत, नदीकाठच्या गावचे, साखर कारखान्यात वॉचमन. त्यांची एकुलती एक लेक राजमती गावच्या शाळेत शिकवायची.

महापुरात घरातले अल्बम भिजून लगदा झाले. पण त्याच्या आधीच राजमतीनं त्यातल्या प्रत्येक फोटोचा फोटो काढून, जन्मापासून ओळीनं नंबर घालून, पेन ड्राइव्हवर ठेवला होता. पेन ड्राइव्हही पाण्यात गेला. तो तिनं उन्हात वाळवला, आणि चालला. पोरगी मात्र गेल्या वर्षी तापानं गेली. वर्ष झालं म्हणून शाळेनं रविवारी सभा ठेवली होती आणि तिथं व्हिडिओ दाखवायचा होता. त्या पेन ड्राइव्हपलीकडं बापाजवळ लेकीचं काही उरलं नव्हतं.

पाण्यानं त्यातली एकच फाइल नासली होती. सॉफ्टवेअर म्हणालं, वाचता येत नाही. सुयोगनं ती कचऱ्यात टाकली आणि वर चाचांना तो प्रश्न विचारला.

शनिवारी दुपारी खोत आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसले. सुयोगनं व्हिडिओ सुरू केला.

आता ह्या धंद्यात एक ठरलेली चूक असते. ओळीनं नंबर घातलेले फोटो दिसले की सॉफ्टवेअरला वाटतं, हे सुटे फोटो नाहीत, एका हलत्या चित्राचेच तुकडे आहेत. एक टिकमार्क काढायचा राहिला, की ते सगळ्यांना पिक्चरच्या वेगानं पळवतं. घाईत सुयोगचा तो टिकमार्क राहिला होता. आणि गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी स्वतः एकदा बघावं, एवढी तसदी त्यानं घेतली नव्हती.

पाळणा, परकर, शाळेचा युनिफॉर्म, पदवीचा झगा... हां हां म्हणता राजमती जन्मली, वाढली आणि संपली. स्क्रीनवर तिचा ओळखपत्रातला फोटो तेवढा थांबून राहिला.

मी काउंटर सोडून आत आलो.

सुयोगचे कान लाल झाले होते. बारीकशी चूक आहे काका, लगेच होतंय, असं काहीबाही तो बोलत होता. खोत रागावले नाहीत. परत लावा, म्हणाले. लावलं. परत एकदा, म्हणाले. तेही लावलं.

"सुरुवातीला कुठंतरी काळं येऊन गेलं," खोत म्हणाले.

सुयोगनं सांगितलं, एक फोटो खराब होता, त्याची जागा रिकामी राहिली. बाकी सगळे आहेत.

खोतांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. पाळण्यातला, कान टोचतानाचा, रांगतानाचा, असे एकेक फोटो ते मनात ओळीनं लावत होते...

"त्याच्यात तिची आई आहे," ते म्हणाले. "तेवढ्या एकातच आहे."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. बायको फोटोला लाजायची. कॅमेरा निघाला की पोरीला पुढं करून आपण बाजूला सरायची. एकदा जत्रेत फोटोवाल्यानं बळंच उभी केली, तेवढीच. राजमतीला नीट चालता येईपर्यंत ती गेलीच.

चाचांनी सुयोगला विचारलं, कचऱ्यात टाकलेलं परत येतं का. सुयोगनं होय म्हणून मान हलवली. त्याच्याकडं आणखी एक प्रोग्राम होता, नासलेल्या फाइलमधलं जेवढं वाचता येईल तेवढं वाचून दाखवणारा. त्यात त्यानं ती घातली.

फोटो वरून खाली उमटायला लागला. चुन्याची भिंत. डोक्यावरचा पदर. भांग. कपाळावरचं कुंकू. डोळे... आणि तिथून खाली सगळं राखाडी.

खोत खुर्ची ओढून पुढं सरले. राखाडी भागावर बोट ठेवून दाखवायला लागले. इथं राजमती, आईच्या कडेवर. एका पायात वाळा नाही, जत्रेत पडलाय, म्हणून भोकाड पसरलंय. आणि इथं हिचं तोंड. फोटोवाला म्हणाला हसू नका, म्हणून हिला जास्तच हसू यायला लागलं. खालचा ओठ दातात धरून दाबतेय बघा.

खरं सांगतो, ते बोलत होते आणि मला दिसत होतं. त्या करड्या भागात एक बाई हसू आवरत उभी होती.

सुयोगला मात्र नुसतं राखाडीच दिसत होतं. तो म्हणाला, हे भरून काढता येईल काका. हल्ली मशीन करतं. लेकीच्या चेहऱ्यावरनं आईचं तोंड बनवता येतं. उद्या सभेत कुणाला कळणारसुद्धा नाही.

"राहू दे," चाचा म्हणाले.

खोतांनी वळून चाचांकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर जी आशा आली होती ती बघवेना.

"लई वर्षं झाली भाई," ते म्हणाले. "एकदा बघू दे की."

चाचांनी मान खाली घातली. ज्याची बायको, त्याला नाही कोण म्हणणार?

सुयोगनं बटणं दाबली. राखाडी विरघळलं. नाक आलं, ओठ आले, मोकळे हसणारे, दात एकसारखे. कडेवरची पोर आली, तीही हसत, दोन्ही पायांत वाळे घालून. काम झकास झालं होतं, खोटं कशाला बोलू.

खोत बघत राहिले... कितीतरी वेळ बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

सुयोगनं चाचांकडं नजर टाकली. शाबासकीची वाट बघत होता तो, दुसरं काय.

तेवढ्यात खोतांचा हात स्क्रीनकडं गेला आणि मधेच थांबला. काढा हे, ते म्हणाले. सुयोगला वाटलं, थोडी दुरुस्ती हवी आहे. ओठ मिटवू का, एक वाळा कमी करू का, असं विचारायला लागला.

"काढा. मला ही मशीनचीच दिसायला लागली."

एका बटणासरशी सगळं गेलं. परत राखाडी आलं.

खोतांनी त्याच्यावर बोट ठेवलं, मघासारखंच. इथं, म्हणाले... डोळे मिटले, उघडले, परत मिटले. इथं हिचं... बोट त्याच जागेवर फिरत राहिलं. ओठ कसा होता, उघडा होता का मिटलेला, हे ते आम्हाला विचारायला लागले. आम्हाला. ज्यांनी त्या बाईला कधी पाहिलं नाही त्यांना.

मी म्हटलं, अण्णा, दातात धरला होता, मघाशी तुम्हीच सांगितलंत.

त्यांनी मान डोलावली. शब्द त्यांना कळले होते. पण बाई काही परत आली नाही, ते त्यांच्या तोंडाकडं बघूनच समजत होतं.

ते तसेच बसून राहिले, बोट स्क्रीनला टेकवून...

सुयोग रडकुंडीला आला होता. पहिल्यांदाच त्याची जीभ अडखळली. "काढलं की मी, चाचा. फाइल होती तशी आहे. त्यातलं काहीसुद्धा राहिलं नाही."

चाचांनी त्याचा हात माउसवरनं उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

"स्क्रीनवरचं काढलंस," ते म्हणाले. "आता त्यांच्या डोळ्यांतलं काढ."