हाक आणि घंटा

फार पूर्वी रेवतीनगरात जयसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वांनी भद्रशील नावाच्या ब्राह्मणाचा जन्म घेतला होता. म्हातारपणी त्यांची दृष्टी गेली आणि उठण्याबसण्याला दुसऱ्याचा हात लागू लागला.

त्यांचा मुलगा यज्ञसोम मोठा देवभक्त. पहाटे सोवळे नेसून देवघरात शिरला की दुपारपर्यंत बाहेर येत नसे. मधे कोणी शिवले तर पुन्हा स्नान करून पूजा पहिल्यापासून मांडी. भक्ती असावी तर अशी, असे शेजारी म्हणत. म्हणायला त्यांचे काय जात होते? म्हाताऱ्याचे सगळे करायला सून उत्पला होतीच.

उन्हाळ्यात एकदा उत्पला सोवळ्यानेच नदीवर अभिषेकाचे पाणी आणायला गेली होती. भद्रशीलांना तहान लागली. भिंत चाचपत ते रांजणाकडे निघाले आणि अंगणाच्या पायरीवरून कोसळले. कमरेचे हाड मोडले. ऊन डोक्यावर आले होते. त्यांनी मुलाला हाक मारली.

देवघरात यज्ञसोमाचा हात थांबला. उठावे तर सोवळे मोडणार, सकाळपासूनची पूजा फुकट जाणार. आरती तेवढी आटोपून जाऊ, असे त्याने ठरवले. पुन्हा हाक आली तेव्हा तो घंटा जोरजोराने वाजवू लागला. मग हाक आली नाही. त्याने आरती पुरी केली, वर मंत्रपुष्पही म्हटले. काय म्हणावे या माणसाला!

उत्पला परतली तेव्हा सासरे तापल्या फरशीवर निपचित पडले होते. सोवळ्याओवळ्याचा विचार न करता तिने त्यांचे डोके मांडीवर घेतले, देवासाठी आणलेले पाणी त्यांना पाजले आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. माणसे धावून आली. तेवढ्यात यज्ञसोम तीर्थाची पळी घेऊन बाहेर आला. मुलगा घरात असताना म्हातारा असा उन्हात कसा पडून राहिला, असे एकाने विचारलेच.

भद्रशील नुकतेच शुद्धीवर आले होते. ते हळूच म्हणाले, "त्याला बोलू नका. घंटा वाजत होती ना, माझी हाक त्याला ऐकू गेली नसेल."

लोकांना ते पटले. यज्ञसोमाने नुसती मान हलवली असती तरी भागले असते. पण घंटा हाकेनंतरच वाजू लागली होती; वडिलांना सारे ठाऊक आहे, हे त्याला कळून चुकले होते. शरमेने त्याला उभे राहवेना. तो खाली बसला आणि त्याने त्यांचे पाय धरले.

"ऐकू आली होती, बाबा," तो सर्वांदेखत म्हणाला. "ऐकू येऊ नये म्हणूनच घंटा वाजवली."

भद्रशीलांनी चाचपत त्याचे डोके शोधले आणि त्यावर हात ठेवला.

ते पुन्हा कधी चालले नाहीत. यज्ञसोम रोज आधी त्यांना आंघोळ घाली, भरवी, आणि ते करता करताच देवाची नावे घेई. पूजेला बसे तो त्यानंतर. शेजारी पुन्हा त्याचे कौतुक करू लागले की तो तिथून उठून जाई.

ध्यानात खंड नको म्हणून तापाने फणफणलेल्या सोबत्याला एकटे टाकून गेलेल्या एका भिक्षूला तथागतांनी ही कथा सांगितली. ते म्हणाले, "तू गेल्यावर ज्या उपासिकेने त्या आजाऱ्याला पाणी पाजले, ती तेव्हा उत्पला होती. आंधळा पिता मीच होतो. यज्ञसोम कोण, ते तू सांग."

भिक्षूने मान खाली घातली. "तो मी, भगवन्," एवढेच तो म्हणाला, आणि उठून आजाऱ्याकडे गेला.

त्या जन्मात बोधिसत्त्वांनी क्षमा पाळली.