मुंगीचा उडीद आणि पोपटाचा डोळा

एक होती मुंगी. काळी, बारकी, एवढीश्शी.

तिला सापडला एक उडीद. काळाभोर, गोल गोल. बिळात तिची पिल्लं होती, सकाळपासून उपाशी. मुंगीने उडीद धरला आणि निघाली. ओढ गं ओढ. थांब जरा. पुन्हा ओढ.

वाटेत होती शाळा. शाळेत सातवीचा वर्ग. वर्गात चित्रकलेचा तास. कुणी रंगवतंय, कुणी कापतंय, कुणी चिकटवतंय.

गार्गीताई खाली बसून धान्याचा पोपट करत होती. अंगाला हिरवे मूग. चोचीला लाल मसूर. आता डोळ्याला उडीद हवा. डब्यात बघते, तर उडीदच नाही.

तिने जमिनीवर पाहिलं. हा काय उडीद! आपलाच सांडला असेल, असं तिला वाटलं. तिने तो चिमटीत उचलला. टुप्.

मुंगीचं तोंड रिकामं.

"गार्गीताई, गार्गीताई, माझा उडीद दे ना. पिल्लं उपाशी आहेत."

गार्गीताई वाकून बघते, तर मुंगी. "तुझा होय? पण मग माझा पोपट बघेल कशाने? दुसरा डोळा आण, उडीद ने. घंटा झाली की मी हा चिकटवणार बरं का."

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

हमीददादा मातीचा बैल करत होता.

"हमीददादा, हमीददादा, मातीची गोळी दे ना.
पोपटाला डोळा मिळेना,
माझा उडीद सुटेना."

हमीददादाची माती सुकून कडक झाली होती. बैलाला शिंगसुद्धा लागत नव्हतं. तो म्हणाला, "पाणी आण, गोळी ने."

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

दाराशी स्टुलावर बसले होते शिपाई भिवामामा. नळ सोडायचा तर त्यांनीच.

"भिवामामा, भिवामामा, नळ सोडा ना.
माती काही भिजेना,
पोपटाला डोळा मिळेना,
माझा उडीद सुटेना."

मामांनी मान हलवली. मागच्या वेळी म्हणे कागदाचे कपटे मोरीत गेले, मोरी तुंबली आणि मामांच्या चपला व्हरांड्यात तरंगत गेल्या. "आधी खालचे कपटे उचला. मग नळ सोडतो."

मुंगी निघाली. तुरु तुरु तुरु.

कपटे होते मैथिलीताईचे. ती आकाशकंदील करत होती.

"मैथिलीताई, मैथिलीताई, कपटे उचल ना.
नळ काही सुटेना,
माती काही भिजेना,
पोपटाला डोळा मिळेना,
माझा उडीद सुटेना."

उचलणार कशी? मैथिलीताईने दोन्ही हातांनी कंदील दाबून धरला होता. कणकेची खळ लावलेली, अजून ओली. हात काढला की कंदील सुटलाच. ती म्हणाली, "वारा आण. खळ वाळली की उचलते."

मुंगी भिंतीवर चढली. तुरु तुरु तुरु.

खिडकीबाहेर वारा होता. सूंऽऽ सूंऽऽ.

"वारोबा, वारोबा, आत या ना.
खळ काही वाळेना,
कपटे कुणी उचलेना,
नळ काही सुटेना,
माती काही भिजेना,
पोपटाला डोळा मिळेना,
माझा उडीद सुटेना."

वारा बाहेरूनच म्हणाला, "येतो की. पण खिडकी बंद आहे ना गं."

"खिडकीबाई, खिडकीबाई, उघड ना.
वारा आत शिरेना,
खळ काही वाळेना,
कपटे कुणी उचलेना,
नळ काही सुटेना,
माती काही भिजेना,
पोपटाला डोळा मिळेना,
माझा उडीद सुटेना."

खिडकी कुरकुरली. कर्रर्र. ती म्हणाली, "मला काय हौस आहे बंद राहायची? खिट्टीच्या खाचेत खडूचा तुकडा अडकलाय. सगळ्या वर्गाने बोटं घालून पाहिली. कुणाचंच बोट आत जात नाही."

मुंगीने खाच पाहिली. अरुंद. अंधारी.

आता विचारायचं कुणाला? कुणालाच नाही. मुंगी स्वतःच आत शिरली.

तिकडे भिवामामा घंटा द्यायला उठले. त्यांनी हातात हातोडी घेतली. गार्गीताईने पोपटाच्या डोळ्याच्या जागी खळ लावली. उडीद चिमटीत धरला.

मुंगीने खडूला पाय लावले. ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. जरासा हलला. मुंगी पांढरी पांढरी झाली. तिसऱ्यांदा ढकलला.

टप्! खडू खाली पडला. खिट्टी सरकली. खट्!

खिडकी उघडली, वारा शिरला.
वारा शिरला, खळ वाळली.
खळ वाळली, मैथिलीताईचे हात सुटले. तिने कपटे उचलले, उडायच्या आत, पटापटा पटापटा.

मामांनी मागे वळून पाहिलं. जमीन स्वच्छ. त्यांनी हातोडी ठेवली, नळ सोडला.
नळ सुटला, माती भिजली.
माती भिजली, गोळी झाली.
गोळी झाली, पोपटाला डोळा मिळाला. आणि हमीददादाच्या बैलाला दोन शिंगंही मिळाली.

गार्गीताईने चिमूट उघडली. उडीद हळूच मुंगीपुढे ठेवला.

"घे गं बाई. तुझाच होता."

टण् टण् टण्! झाली घंटा.

मुंगीने उडीद बिळात नेला. सगळी पिल्लं भोवती बसली. एक इकडून, एक तिकडून. कुट् कुट् कुट्. कुट् कुट् कुट्.

मुंगीची पिल्लं जेवली. चला, आता आपणही जेवू.