सातवं पान

“आबा, या सातव्याचं करू तरी काय?”

पुष्कराजने लॅपटॉप आबांसमोर जवळजवळ आपटलाच. अकरा दिवस त्याचं डोकं भणभणत होतं.

आबा दिवेकरांनी गुहागरच्या राहत्या घरातून एक लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, उभं केलं होतं. गावोगावचे दवाखाने ते वापरत. पुष्कराज त्यांचा पट्टशिष्य, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे. ‘आमचं लिनक्स सात जातींच्या प्रोसेसरवर चालतं,’ असं वेबसाइटवर ठळक अक्षरांत त्यानेच लिहिलं होतं. प्रत्येक जातीच्या चिपसाठी प्रोग्रामचं पॅकेज वेगळं घडवावं लागतं. सातही घडल्याशिवाय एकही बाहेर सोडायचं नाही, हा नियमही त्याचाच.

आता रक्ताच्या रिपोर्टवर भलत्याच पेशंटचं नाव छापून येत होतं. दुरुस्ती त्याने दोन तासांत केली. सहा पॅकेजं त्याच संध्याकाळी तयार. सातवं मात्र एका जुनाट मशीनवर दोन-दोन दिवस रखडायचं आणि ऐन शेवटाला मान टाकायचं.

“ही सातवी जात वापरतं कोण?” आबांनी विचारलं.

“तीन वर्षांत कुणाचं पत्र नाही.”

“मग?”

“मग काय! सात म्हणजे सात, आबा. आता सहा लिहिलं तर लोक हसतील.”

…

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दवाखान्यातल्या वनिताताई.

“अहो दादा, किती दिवस हातानं नावं लिहू मी? काल एकीला दुसरीचाच रिपोर्ट गेला. रडत घरी गेली हो ती.”

“सातवं अजून तयार नाही, ताई,” तो म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

आबा उठले. “जेवायची वेळ झाली. पानं मांड. सात.”

घरात माणसं सहा. आधीच वैतागलेला, त्यात हे! पण त्याने निमूट सात पानं मांडली. वरणभात वाढला, तूप पडलं, सगळे बसले. पुष्कराजने भाताला हात घातला.

“थांब,” आबा म्हणाले. “सातवा यायचाय.”

“कोण?”

“ठाऊक नाही.”

…

भात निवला. वरणावर साय धरली. कुणी जेवेना.

“अहो आबा, सहा माणसं उपाशी बसलीत इथे!”

आबा रिकाम्या पानाकडे बघत राहिले. “सातवा अजून आला नाही, बाबा.”

पुष्कराजचा चेहरा उतरला.

तो पानावरून उठला. हात धुतला, लॅपटॉप ओढला आणि तयार असलेली सहा पॅकेजं बाहेर सोडली. मग वनिताताईंना फोन लावला. “ताई, आलं बघा. अपडेट करून घ्या.”

परत येऊन तो सातवं पान उचलायला वाकला. आबांनी त्याचा हात धरला.

“राहू दे ते.”

“आता कशाला? आणि खरंच आला कुणी, तर पुन्हा सगळ्यांनी ताटकळायचं?”

“अरे,” आबा पहिला घास घेत म्हणाले, “दुसरी पंगत कशाला असते?”