कातळवेढ्याच्या ऐरणीवरची बाई

कातळवेढ्याच्या जत्रेला पहिल्यांदा आलेला पाहुणा लोहाराच्या भट्टीपुढे हमखास दचकतो. भट्टी पेटण्याआधी गावातली एक बाई खुशाल ऐरणीवर चढून बसते आणि लोहाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. लोहार हात जोडून ऐकतो. पाहुणे, तुम्ही मध्ये पडू नका. एक मामलेदार पडले होते. त्यांनी म्हणे त्याच आठवड्यात बदली मागितली.

ही चाल नागव्वा वडारणीची. गावची विहीर खोदायला तिच्या माणसांची टोळी आली होती. तिच्या नवऱ्याने, तिमाप्पाने, जत्रेत दौलू लोहाराकडून नवी छिन्नी करून घेतली. दौलूची तेव्हा भलतीच चलती. जत्रेत तो पोलाद पांढरंफेक होईस्तोवर तापवी. ठिणग्यांची अशी कारंजी उडत, की कळसावरचे पारवे शेजारच्या गावात मुक्कामाला जात, असे सांगतात. लोक शिट्ट्या मारत, की दौलू आणखी भाता ओढी.

ती छिन्नी कातळावर पहिल्याच दिवशी तुटली आणि तिची कपची तिमाप्पाच्या डोळ्यात गेली.

डोळा गेला तो गेलाच. वर दौलू चारचौघांत म्हणाला, "घाव वाकडा बसला. छिन्नीला काय धाड भरलीय?" गावाने माना डोलावल्या. मुकादमाने तिमाप्पाला विहिरीवर येऊ नको म्हणून सांगितलं.

नागव्वाच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या हाताने अख्ख्या शिळा सुतात फोडल्या, तो हात वाकडा! तिने छिन्नीचे तुकडे उचलले. जन्म दगड फोडण्यात गेलेला. तुटलेली कड तिला वाचता येई. आत खडेमिठासारखा भरड दाणा होता. ती तडक भट्टीवर गेली आणि ऐरणीवर बसली.

"ऊठ बाई, देव आहे तो आमचा!" दौलू ओरडला.

"मग देवापुढं खरं बोल. वाकडं कोण? माझा नवरा, का तू?"

तिने अशा शिव्या दिल्या, की म्हणे शेजारच्या बाभळीची पानं गळाली. गाव जमलं. तेव्हा ती म्हणाली, "एकाच पट्टीचे दोन तुकडे घे. एक तुझ्या बापानं शिकवलं तसा तापव, दुसरा जत्रेत तापवतोस तसा."

दौलूने पहिला डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होताच पाण्यात बुडवला. दुसरा पांढरा केला. ठिणग्या उडाल्या, सवयीने शिट्ट्याही वाजल्या.

"वाजवा, मुडद्यांनो! पोलाद जळतंय ते, आन् तुम्हाला मौज वाटती!"

पांढरा केलेला तुकडाही पाण्यात बुडवून काढला, तो एका घावात फुटला. आत तोच भरड दाणा. लाल तुकड्याने घणकऱ्याला घाम फोडला. अखेर तुटला, तेव्हा आतला दाणा राखेसारखा बारीक निघाला. नागव्वाने दोन्ही तुकडे लोकांच्या हातांतून फिरवले.

"चुकलं माझं," दौलू पुटपुटला. "लाल झालं तेव्हाच काढायला पाहिजे होतं. शिट्ट्या ऐकल्या, आन् हात थांबला न्हाई."

"मला कशाला सांगतोस? माझा डोळा शाबूत हाय."

दौलूने नवी छिन्नी घडवली. ऐरणीवर नागव्वा बसलेली, म्हणून धोंड्यावर. लालवर पाणी पाजलं, मग मंद आचेवर पुन्हा तापवली. गव्हाच्या काडीचा रंग चढला, तशी बाजूला काढली. कडकपणा राहिला, ठिसूळपणा गेला. ती घेऊन तो विहिरीवर गेला आणि साऱ्या टोळीदेखत तिमाप्पाच्या पायाशी ठेवून आपली चूक बोलला. मुकादम खाली मान घालून बाजूला झाला.

नागव्वा तरी उठली नाही. विहिरीतून तिमाप्पाच्या हातोड्याचा ठोका ऐकू आला, तेव्हा उठली.

आजही कातळवेढ्यात हत्यार तुटलं, तर ते चालवणाऱ्याच्या हाताकडे कुणी बोट दाखवत नाही. लोहार स्वतः धावत येतो आणि तुकडे उचलण्याआधी विचारतो, "कुणाला लागलं तर नाही ना?"