बटण, बटण आणि राजाचं चित्र

एक बटण सापडत नव्हते म्हणून रेवा कासारणीचा गाळा जाणार होता!

गाळा राजवाड्याच्या दारातला. रेवा जन्मापासून आंधळी; पण मनगट नुसते चाचपून बरोबर मापाची बांगडी चढवायची, आणि एकही बांगडी पिचायची नाही. निमगडच्या भद्रसेन राजाने मात्र पाडव्याला हुकूम काढला होता: कागदी अर्ज बंद, परवाने यापुढे फक्त राजाच्या संकेतस्थळावर! गाळ्याच्या परवान्यासाठी अर्जाची मुदत आज सूर्यास्तापर्यंत. रेवाकडे मोबाईल होता, आणि पडद्यावर लिहिलेले सगळे तो तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. पण या संकेतस्थळावर बटणे म्हणजे नुसती चित्रे होती. त्यांची नावे आत कुणी लिहिलीच नव्हती. मोबाईल बिचारा म्हणायचा, "बटण. बटण. बटण."

तिने अंदाजाने एक दाबले. "हत्तीखरेदीचा अर्ज मिळाला," मोबाईल म्हणाला. दुसरे दाबले. "गाळा कायमचा सोडायचा का?"

रेवा उठली आणि काठी टेकत थेट दरबारात गेली.

"महाराज, तुमच्या संकेतस्थळानं माझ्या पोटावर पाय दिला!"

राजाआधी प्रधान रंगोपंतच पुढे सरसावले. त्या गाळ्यावर त्यांच्या मेहुण्याचा डोळा होता. त्याला तिथे सरबताचे दुकान टाकायचे होते.

"अगं बाई, दरबारातल्या सगळ्या पंडितांनी ते पाहिलंय. एकालाही खोट दिसली नाही!"

"पाहिलं असेल, प्रधानजी. ऐकलं कुणी?"

"मग घरच्या कुणाकडून भरून घे की अर्ज!"

"तुम्ही राज्याच्या कागदांवर घरच्यांकडून सही करून घेता का?"

दरबारात दोघेतिघे एकदम खोकले. प्रधानीणबाईंचे अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे होते.

राजा गरजला, "माझं संकेतस्थळ सूर्यासारखं लखलखीत आहे!"

"सूर्य निदान ऊब देतो, महाराज. हे नुसतंच चमकतं!"

"फार जीभ चालते तुझी! मग ऐक. बटणांचं रडगाणं मला सांगू नकोस, ते मला बोचत नाही. आत्ता, या सिंहासनावर बसल्या बसल्या मला बोचेल असा एक दोष दाखव. दाखवलास तर गाळा तुझा. नाहीतर प्रधानांच्या मेहुण्याचा!"

रंगोपंत फिसकन हसले. "आंधळी बाई, आणि दोष दाखवणार!"

"दाखवणार नाही, ऐकवणार," रेवा म्हणाली. "पण आधी अभय द्या, महाराज. बोलेल तो माझा मोबाईल, आणि तुमच्या माणसांनी आत लिहिलंय तेवढंच तो बोलेल. त्यापायी माझी मान जायला नको."

"दिलं अभय!"

"पहिल्याच पानावर महाराजांचं चित्र आहे म्हणे. कसं आहे हो, प्रधानजी?"

"अप्रतिम! भरदार केस, सिंहासारखी कंबर!"

"कुणी चढवलं?"

"मी स्वतः!" रंगोपंतांनी छाती फुगवली. "दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागू दिला नाही."

"मोबाईलला चित्र दिसत नाही, महाराज. चढवणाऱ्यानं चित्राला जे नाव दिलं असेल, ते तो वाचतो." असे म्हणून रेवाने आवाज वाढवला आणि पडद्यावरून बोट फिरवले.

सगळ्या दरबारात खणखणीत आवाज घुमला: "चित्र. टकल्या. ढेरी कापलेली. केस चिकटवलेले. शेवटचं. खरंच शेवटचं. आता बास."

राजाचा हात आपोआप पगडीकडे गेला.

"पुन्हा," राजा म्हणाला.

मोबाईलने पुन्हा वाचले. त्याला कसली भीती!

"हिच्या मोबाईलमध्येच काहीतरी काळंबेरं आहे!" रंगोपंत ओरडले.

कोपऱ्यात तंबोरा घेऊन दरबारचे अंध गवई केदारबुवा बसले होते. राजा त्यांच्याकडे वळला. "बुवा, तुमचा मोबाईल काय म्हणतो?"

"हेच, महाराज. रोज सकाळी. माझ्याकडे बाईचा आवाज आहे, एवढाच फरक."

रंगोपंतांना घाम फुटला. "महाराज, ते आपलं कामापुरतं नाव होतं! दिसत नाही हो ते कुणाला!"

"म्हणजे आम्ही कुणीच नाही का, प्रधानजी?" रेवा म्हणाली.

राजाचा चेहरा तांबडालाल झाला. "पाडव्यापासून माझं हे नाव राज्यभर वाचलं जातंय, आणि तुमच्यापैकी एकानंही मला सांगितलं नाही?"

"सांगायचं कसं?" रेवा म्हणाली. "तक्रारीचं बटण कुठलं, तेच कळत नाही! आणि खरं सांगू, महाराज? राजांच्या नावाला लांबलचक बिरुदं असतातच. आम्हाला वाटलं, ही तुम्हाला नवीन मिळाली!"

राजाचे ओठ थरथरले. मिशा थरथरल्या. आणि मग तो असा हसला, की पगडी घरंगळून सिंहासनाखाली गेली! सगळ्या दरबाराने घाईघाईने माना खाली घातल्या. रेवाला आणि केदारबुवांना तेवढी गरज पडली नाही.

"बोचलं, बाई, बोचलं!" राजा डोळे पुसत म्हणाला. "गाळा तुझा, तहहयात, आणि भाडं माफ! रंगोपंत, तुम्ही आत्ताच्या आत्ता हिच्या गाळ्यावर जाऊन बसा. एकेका बटणाला नाव द्या. हिचा मोबाईल नीट बोलू लागेपर्यंत उठायचं नाही!"

"पण महाराज, या कामाला वर्ष तरी लागेल..."

"लागू दे की! तोवर पहिल्या पानावर माझ्याऐवजी तुमचं चित्र राहील. त्याला नाव ही रेवा देईल!"

काम सूर्यास्ताआधी झाले.